बाराव्यांदा

नाटक माझं. तीन अंकी. जाहिरातीत
माझं नाव खाली, बारीक अक्षरात,
वर दिगंबरचं, हातभर:
दारूतून उठणारा, बापाच्या पायाशी येणारा,
शेवटी गावाला पाणी आणणारा नायक.
त्याच्या बदलासाठी मी पावसाळाभर जागलो.
एकेक पायरी घडवली, पायरीपायरीवर स्वगत,
स्वगताआधी ऑर्गनचा लांब सूर.

कोतवाल मागाहून घातला.
मालकाच्या पुढं कंदील धरायला कुणीतरी हवं होतं.
नावसुद्धा दिलं नाही. वहीत नुसतं "को."
आणि अकरा वेळा "जी, मालक."

बाराव्या वेळी मला झोप लागली असावी.
दिगंबर म्हणतो, "चल, उजेड दाखव,"
आणि पुढं कागद कोरा.

तालमीत कवडू मशाखेत्रीनं विचारलं,
"मास्तर, माह्या वाट्याले काईच नाई लिवलं जी."
मी तबलजीशी बिदागीवरून भांडत होतो.
म्हटलं, "नाही तर नाही. उभा राहा."

मंडईची रात्र. सिंदेवाहीच्या अलीकडचं गाव.
धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत मंडप,
खाली तणीस, तणशीवर घोंगडी,
घोंगडीत अख्खं घर, पाहुण्यांसकट.
बोडीवरून गार वारा. पहाटेचे तीन. तिसरा अंक.

"चल, उजेड दाखव."

कवडू उभा राहिला, मी सांगितलं तसा.
मग, हे मी सांगितलं नव्हतं,
त्यानं कंदील खाली ठेवला.
झोपलेलं पोट्टं ठेवावं तसा,
काच वाजू न देता.
हात धोतराला पुसले.

बस्, एवढंच.

तणशीवरून एक म्हातारी बोलली,
"उचलू नोको, बापू."
हळूच, घरातल्याशी बोलावं तशी.
कुणी बिडी विझवली.
जागे होते त्यांनी शेजारच्यांना हलवलं.

दिगंबरनं चार पानी स्वगत म्हटलं,
घाम गाळून, एक शब्द न चुकता.
रडलासुद्धा, ग्लिसरीन न लावता.
मंडप कंदिलाकडं पाहत होता.

परतताना टेम्पोत तो रंग न पुसता बसला.
"सर, माझं कुठं चुकलं?"
त्याचं काहीच चुकलं नव्हतं.
तो बदलणार हे गावाला आठ दिवस आधीच ठाऊक होतं,
भोंग्यावरून सांगत फिरलो होतो आम्ही.
मागं पडद्यांच्या गुंडाळीवर कवडू घोरत होता,
पायाशी कंदील, वात खाली केलेली.

पुढच्या वर्षी कोतवालालाच नायक केलं.
नाव दिलं. आई दिली, मेलेली बायको दिली,
कंदील का ठेवला यावर दोन पानं दिली.
लाखांदूरला लोक पहिल्याच अंकात चहाला उठले.
कवडू बिचारा पाठ म्हणत राहिला
आणि मला त्याच्या तोंडून
दिगंबर ऐकू येत राहिला.

रोवणीहून आलेली बायको पाय धुताधुता म्हणाली,
"धुऱ्यावर सांडलेलं धान पाहा कधी.
रोवलं नाई, निंदलं नाई, तरी लोंब धरते.
तेच उपटून बांधीत लावा, पिवळं पडते."
मी वही ओढली.
"हेबी लिवता का?" म्हणाली, आणि चुलीकडं गेली.

आता नवं नाटक चाललंय.
नायक आहे, त्याच्या पायऱ्या आहेत.
दुसऱ्या अंकात एक बाई दाराशी घागर घेऊन येते.
तिला तीन वाक्यं दिली. चौथ्याची जागा
कोरी सोडायची म्हणून पेन थांबवतो,
पण मुद्दाम सोडलेल्या जागेत
माझंच काहीतरी उभं दिसतं.

खोडतो. पुन्हा लिहितो.
झोप लागेस्तोवर लिहीत बसतो.